सभागृहातला कन्नड व्हायरस

"शिवकन्या, नेम मोडला तर देव रागवत न्हाई. तुझ्या नेमापायी दुसऱ्याच्या घरात रडू आलं, तर मात्र त्याला तोंड दाखवू नको." अव्वा, बाईंची आई, गेली; तिचं सांगणं राहिलं. त्या सोमवारीही शिवकन्याबाई फोनमध्ये साठवलेली शिवभक्तीची कन्नड वचनं लावून पूजेला बसल्या होत्या. पण फोनमधून आठवडाभर आवाजच येत नव्हता, म्हणून स्वतःच म्हणत होत्या. तेवढ्यात सुलतानबी दारात आली.

"बाई, माझ्या पोराला, यासेरला, काल पोलिसांनी नेलं. आज सांजच्याला लातूरला धाडून राहिलेत."

"उपास सोडायच्या आधी त्याला घरी आणते," म्हणत बाई हातातल्या फोनसकट निघाल्या.

शेजारच्या ग्रामपंचायतीसमोर गाव लोटलं होतं. कुलूपबंद सभागृहातला स्पीकर रोज सकाळी आपोआप बोलायचा. सरपंच शेषेरावांनी ती अतिरेक्यांची सांकेतिक भाषा ठरवली. प्रशासनही तत्पर: गावाचं इंटरनेट बंद, मोबाईल दुरुस्त करणारा यासेर आत. मोबाईल उघडतो, वर नाव यासेर. आणखी पुरावा कशाला? तो कोठडीत असतानाही स्पीकर बोललाच, तेव्हा फौजदार म्हणाले, टोळी मोठी आहे.

उरलेला तपास सायबर महाराजांकडे होता. "भक्तहो, सर्व्हरला व्हायरसरूपी शनी लागलाय. आम्ही मंत्राचा पासवर्ड मारून राहिलो." ओसरीवरच्या राउटरला लिंबू टांगलं होतं. दहा मिनिटांत आवाज थांबायचा, की महाराजांचा जयजयकार.

बाईंनी कान दिला. आतून अव्वाच्या माहेरची भाषा येत होती. हातातल्या मुक्या फोनच्या पडद्यावर तेच वचन चालू दिसत होतं.

त्यांनी फोन थांबवला. स्पीकर गप्प.

"पळाला," महाराज म्हणाले.

बाईंनी पुन्हा लावला.

"आला की वो परत," शिपाई शंकरप्पा पुटपुटला.

"महाराज, आता पळवा," बाई हळूच म्हणाल्या. महाराजांनी घसा फोडला. बाईंचं बोट हललं नाही, व्हायरसही हलला नाही.

"शंकरप्पा, गेल्या आठवड्याच्या महिला मेळाव्यात तूच माझा फोन ब्लूटूथनं ह्या स्पीकरला जोडलास. स्पीकर तेव्हापासून चालूच हाय. दहा मिनिटांत संपतो तो माझा पाठ."

"पण बाई, खरे हॅकर असतेतच की," शेषेराव म्हणाले.

"असतेत. म्हणून पासवर्ड घाला, जाणकार बोलवा, पुरावा बघा, मग माणूस धरा. नुसत्या भीतीनं माणूस धरायचा, हे बी अंगात येणंच हाय."

महाराजांनी लिंबू सोडून झोळीत टाकलं. वाया कशाला घालवायचं?

बाईंनी फोन बंद केला, सुलतानबीचा हात धरला आणि उपाशीपोटीच ठाण्याकडे जाणारी जीप गाठायला निघाल्या.