डावी खुर्ची

"आणि जेट मिळालं म्हणजे काय, पंख फुटणार तुला?" टोर्लाइफने पावाच्या दोन कापांमधला कागद सोलत विचारलं. "पंख आत्ताही आहेत. बाहेर बघ, चांगले दोन आहेत."

गुन्वोर हसली नाही. ग्रिमोया बेटाच्या धावपट्टीवर त्यांचं पंख्यांचं विमान उभं होतं, मागे एकोणतीस प्रवासी बसले होते, आणि काल आलेली दोन पत्रं तिच्या डोक्यातून जात नव्हती. एक दक्षिणेकडच्या मोठ्या कंपनीचं. जेटवर सहवैमानिक म्हणून या, प्रशिक्षणाचे तीन लाख क्रोनर मात्र तुमचे तुम्ही भरा. दुसरं तिच्याच कंपनीचं. कॅप्टन व्हा, शिकवायचा खर्च आमचा, फक्त तीन वर्षं सोडून जायचं नाही. दोघांनाही उत्तर उद्या हवं होतं.

"नवरा काय म्हणतो?"

"एरिक म्हणतो, बोट विकू."

"बोट विकून तो दिवसभर करणार काय? खिडकीत बसून तुझं जेट शोधणार?"

"गप्प बस ना जरा, टोर्लाइफ."

गप्प बसणं त्या माणसाच्या स्वभावातच नव्हतं. एकसष्ट वर्षांचा टोर्लाइफ तीस वर्षं याच किनाऱ्यावर डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या, खुर्चीत बसत आला होता, आणि त्यातली नऊ वर्षं त्याच्या उजवीकडे बहुतेक वेळा गुन्वोर असे. आमच्याकडे नवरा-बायकोसुद्धा इतकी वर्षं एवढी खेटून बसत नाहीत. त्याच्या गुडघ्याची कुरकुर तिला पाठ होती आणि तिच्या सासूची त्याला.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "जेट हा बहाणा आहे. कॅप्टनचं पत्र तुला तिसऱ्यांदा आलंय. पहिल्यांदा पोरगी लहान होती. दुसऱ्यांदा घराचं छप्पर गळत होतं. आता जेट! तिकडे गेलीस की ज्येष्ठतेच्या यादीत सगळ्यांच्या खाली बसशील, म्हणजे पुढची दहा वर्षं डाव्या खुर्चीचं कुणी नाव काढणार नाही. घाबरतेस तू."

गुन्वोरला राग आला, कारण ते खरं होतं. विमान उडवायला ती कधीच घाबरली नव्हती. तिला धास्ती होती ती शेवटचा शब्द आपला असण्याची. नऊ वर्षं शेवटचा शब्द शेजारी बसलेला होता आणि ते फार सुखाचं होतं.

तेवढ्यात रेडिओवर मनोऱ्यातला हाल्स्टाइन बोलला. "फेरीबोट उशिरा सुटलीय. योर्गिना आहे तिच्यात, डोळ्याच्या इंजेक्शनला निघालीय. थांबताय ना?"

फेरीसाठी थांबायचं ही आमच्याकडची रीत. पण पश्चिमेकडून बर्फाची सर येत होती, आणि सर आली की ही एवढीशी धावपट्टी दिसेनाशी होते.

टोर्लाइफने थर्मास उघडला. "ही खेप तुझी आहे. तू ठरव. मी कॉफी पितो."

"कॅप्टन तू आहेस."

"सही माझी. डोकं तुझं."

गुन्वोरने रेडिओचं बटण दाबलं. "हाल्स्टाइन, बर्फ कुठवर आलाय?"

"दीपगृह दिसेनासं झालं. पाव तास, फार तर."

"आणि फेरी?"

"ती पण तेवढ्यातच. थांबशील गं तू."

दहा बेचाळीस झाले होते. ती उठून मागे गेली. तिथे किडनीच्या उपचाराला निघालेला शाळामास्तर होता, आईच्या अंत्यविधीला निघालेल्या दोन बहिणी होत्या. ती सगळ्यांना म्हणाली, "दहा बावन्नपर्यंत थांबतो आहोत. योर्गिना आली तरी आणि नाही आली तरी, बावन्नला निघायचं."

दहा बावन्नला फेरी बंदराच्या तोंडाशी होती.

"योर्गिना दिसतेय मला!" हाल्स्टाइन ओरडला. "टोपी हलवतेय! पाचच मिनिटं!"

बाहेरची छोटी बेटं एकेक करून पांढऱ्यात बुडत होती. गुन्वोरने टोर्लाइफकडे पाहिलं. तो कपात बघत होता, आणि तिला कळलं की तो वर बघणार नाही.

"दार लावा," ती म्हणाली.

विमान वर चढलं तेव्हा खाली फेरीची उतरायची फळी धक्क्याला टेकत होती. चार मिनिटांनी हाल्स्टाइनने धावपट्टी बंद झाल्याचं कळवलं. मग जरा थांबून म्हणाला, "योर्गिना माझ्या खोलीत बसून वॉफल खातेय. शिव्या देतेय."

टोर्लाइफने घाईघाईने बटण दाबलं. "कुणाला? मला का?"

"छे. गुन्वोरला. नाव घेऊन."

टोर्लाइफचा चेहरा असा खुलला की विचारू नका. "ऐकलंस? शिव्या कॅप्टनलाच पडतात. तीस वर्षं मला देत आलीय ती बाई. सुटलो आजपासून!"

गुन्वोरला हसू आलं आणि त्यातच डोळ्यांत पाणीही. योर्गिनाचं इंजेक्शन हुकलं याचं तिला खरंच वाईट वाटत होतं. पण आपण चूक केली असं काही केल्या वाटत नव्हतं, आणि हे तिला नवीन होतं.

"आपल्या कंपनीला हो म्हणून कळवते," ती म्हणाली. "आज संध्याकाळी."

त्याने मान डोलावली. पुढचं दोघांनाही ठाऊक होतं. आमची कंपनी दोन कॅप्टन एका विमानात बसवत नाही.

"म्हणजे एकत्र महिना-दीड महिना उरला," टोर्लाइफ म्हणाला.

"हो. तेवढाच."

थोड्या वेळाने ढगांतून बोडो शहराची धावपट्टी दिसू लागली.

"तू उतरव," गुन्वोर म्हणाली.

"खेप तुझी आहे."

"असू दे. मला आज नुसतं बघायचंय."

त्याने विमान हातात घेतलं आणि ती वेगाचे आकडे सांगत राहिली. ज्याच्या उतरवण्याने मांडीवर झोपलेलं मूलही कधी जागं झालं नव्हतं, त्या माणसाने त्या दिवशी विमान चांगलंच आपटलं. मागे कुणीतरी ओरडलं.

एरवी तिने त्याला आठवडाभर चिडवलं असतं. टोर्लाइफचा एक हात सुकाणूवर होता, एक इंजिनाच्या दांड्यांवर, आणि डोळे पुसायला तिसरा नव्हता. गुन्वोरने त्याच्याकडे न बघता, विमान उभं करायच्या जागेचा नंबर त्याला मोठ्याने वाचून दाखवला.