रुंद नजरेची दुर्बीण

भिंगारच्या जुन्या बाजारात शलमोनचं चष्मे आणि घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. लढाई संपून वर्ष-दीड वर्ष झालं होतं आणि कुठून कुठून जुन्या लष्करी दुर्बिणी त्याच्याकडे विकायला यायच्या. त्यातल्या परवडणाऱ्या दोन त्यानं झुंबरबाईपुढं ठेवल्या. तिच्यासोबत सासरे आसाराम होते. शेळी विकून दोघं सकाळच्या एसटीनं आले होते.

"ताई, बघायचं काय आहे हिच्यातून?" शलमोननं विचारलं.

झुंबरबाईनं सांगितलं. त्यांच्या गावाच्या शिवेला लागून लष्कराचं चांदमारीचं, तोफांच्या सरावाचं माळरान होतं. गोळे थांबून लाल निशाण उतरलं की गावची माणसं चोरून माळावर शिरत आणि गोळ्यांच्या पितळेचे तुकडे वेचत. दुष्काळानं रानात काही उरलं नव्हतं, आणि भंगारवाला पितळ हातोहात घ्यायचा. दोन वर्षांमागं तिचा नवरा गोरक्ष असाच गेला होता. बाभळीपाशी पडलेला गोळा त्यानं मेला समजून उचलला. गोळा मेलेला नव्हता, हातातच फुटला.

तेव्हापासून ती टेकडीवर बसून राखण करायची. निशाण पुन्हा चढताना दिसलं की पत्र्याचा डबा बडवायची. मग माणसं जीव घेऊन माघारी पळायची. पण उन्हाच्या झळांत निशाण आताशा धड दिसत नव्हतं.

शलमोन दोघांना माडीवर घेऊन गेला. पहिली दुर्बीण जड, चकचकीत. झुंबरबाईनं डोळ्यांना लावली तर देवळाच्या शिखरावरचं कबुतर एकदम पुढ्यात आलं. त्याच्या मानेवरची हिरवी झाक दिसली. ती खूश झाली. मग तिनं रस्त्यावरचा सायकलवाला धरायचा प्रयत्न केला. तो निसटला तो पुन्हा सापडेना.

"ती लांबचं ओढून आणते," शलमोन म्हणाला, "पण एवढंसंच दाखवते. आता ही बघा."

दुसरीचा रंग उडालेला, पट्टा तुटलेला. कबुतर ठिपक्याएवढं दिसलं. पण सायकलवाला, टांगा, पाण्याच्या टाकीपाशी भांडणाऱ्या बाया, सगळं एका नजरेत मावलं.

"हीच द्या," ती म्हणाली.

आसाराम पहिली सोडेनात. "पोरी, हिच्यात मानसाचं तोंड वळखू येतं. शेळी इकून ठिपकं बघायचं व्हय?"

"मामा, हिच्यात निशान बघाया गेलं तर मानसं जात्यात, मानसं बघाया गेलं तर निशान."

म्हाताऱ्यानं पहिली पुन्हा डोळ्यांना लावली. टेकडीवरून बाभळीकडं टक लावून बसलेलं तिनं त्याला कितीदा पाहिलं होतं. तो कुणाचं तोंड शोधत होता हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच ती जिद्दीला पेटली आणि रंग उडालेली दुर्बीण घेऊनच निघाली.

पहिल्याच दिवशी माळ तिच्या डोळ्यांत पसरला. ओढ्याकाठी दगडाबाई आणि तिची जाऊ. पलीकडं मच्छिंद्र आणि त्याचा भाऊ. आणि कडेला, सगळ्यांपासून तुटून, अजून एकजण वाकून वेचत होता. चालताना डावीकडं कलत होता.

तिनं दुर्बीण डोळ्यांवरून काढली. उघड्या डोळ्यांना तिथं नुसती झळ दिसत होती. पुन्हा लावली. तो होताच.

संध्याकाळी तिनं दगडाबाईला विचारलं, "आज तुमच्यासंगं आनखी कोन हुतं?"

"कोन असनार? आमी चौघंच," दगडाबाई म्हणाली आणि तिच्याकडं विचित्र बघत राहिली.

मग झुंबरबाईनं कुणाला विचारलं नाही. तो रोज दिसायचा. कधी वर बघायचा नाही. एका दुपारी मात्र तो उभा राहिला आणि त्यानं मान पलीकडं वळवली. तिचीही नजर तिकडं गेली. काचेच्या पार कडेला निशाण सरसर वर चढत होतं. तिनं डबा बडवला. माणसं धावत सुटली. टेकडीला लागतात न लागतात तोच पहिला गोळा माळावर फुटला. चौघंही धापा टाकत वर आली.

तो तिथंच उभा होता.

आसारामांनी तिच्या हातातून दुर्बीण ओढून घेतली. बराच वेळ बघितलं.

"माझाच हाय," ते म्हणाले. "चाल त्याचीच. तोंड तेवढं दिसंना."

"म्हनूनच ती चकचकीत घेतली न्हाई, मामा. तोंड दिसलं असतं तर तुमी खाली गेला असता."

पुढं पाऊस झाला. पेरण्या उरकल्या, हाताला कामं आली आणि माळावर जायचं सगळ्यांनी सोडलं. राखायला कुणी उरलं नाही, तरी झुंबरबाई टेकडीवर जायची. हिरव्या पडलेल्या माळावर तो एकटा वाकून वेचत असायचा. निशाण चढलं की ती डबा बडवायची. गोळे पडायला लागले तरी थांबायची नाही.

गावातली माणसं कुजबुजायला लागली. शेवटी एक दिवस आसाराम तिच्या मागोमाग वर आले. ती बडवतच होती. हाताला रक्त आलं होतं. त्यांनी तिचं मनगट धरलं.

"चल पोरी घरी. त्याला ऐकू येत असतं, तर त्यो त्या दिशीच चौघांसंगं वर आला नसता का?"