एकच दुपार चाललेलं इंजिन

तिच्या बाबांचं बोलणं सगळ्यांना पटायचं, एक गोष्ट सोडून. इंजिन फिटर म्हणून त्यांचा शब्द शेवटचा. यंत्र कुरकुरायला लागलं की ते नुसता कान लावून सांगत, कुठलं बेअरिंग गेलंय, आणि उघडून पाहिलं की तेच निघे. पण जेवणाच्या सुट्टीत त्यांनी बर्फाच्या कारखान्यातल्या इंजिनाचं नाव काढलं, की डब्यांची झाकणं उघडायच्या आत लोक हसायला लागत.

गोष्ट एवढीशीच होती. बाबा नवखे असताना त्या कारखान्यात कामाला होते, तेव्हा तिथे एक मोठं डिझेल इंजिन आलं होतं. एका सिलिंडरचं, उभं, माणसाएवढं उंच, दोन्ही अंगांना जडशीळ चाकं. वीज गेली तर बर्फाचं पाणी होऊ नये म्हणून मालकाने ते लांबून मागवलेलं. बसवलं, एक दुपार चालवून पाहिलं, आणि लगेचच कारखान्याला विजेची दुसरी लाइन मिळाली. इंजिनाला कामच उरलं नाही. मालकाने बाबांना सांगितलं, नीट बंद करून ठेव, लागलं तर काढू. ते कधी लागलंच नाही. पुढे कुणीतरी त्या खोलीच्या दाराला विटा लावून दारच बुजवलं, मालक बदलले, आणि तसली इंजिनं बनवणारी कंपनीही बसली.

"आता तसलं इंजिन शोधून सापडायचं नाही," बाबा म्हणत. "आणि सापडलंच, तर झिजून खुळखुळा झालेलं. माझं मात्र कोरं आहे. एकच दुपार चाललंय."

त्या इंजिनाला 'भिंतीआडची नवरी' हे नाव ठेवलं ते बाबांच्या सख्ख्या धाकट्या भावाने. काकाही पुढे बाबांच्याच वर्कशॉपात फिटर. भरल्या पंगतीत तो विचारायचा, "दादा, नवरी बरी आहे ना? रुसून माहेरी तर नाही ना गेली?" बाबाही हसत, पण विषय सोडत नसत. शेवटच्या दुखण्यात त्यांनी ही गोष्ट तपासायला आलेल्या डॉक्टरांनाही सांगितली. डॉक्टर भला माणूस, नाडी धरूनच म्हणाले, "हो हो." ते 'हो हो' तिच्या मनातून जाईना.

कारण मनातल्या मनात तीही तेच म्हणत आली होती. ती मुद्रितशोधक, पुस्तकं छापण्याआधी चुका काढणं हे तिचं पोट भरण्याचं साधन. शंका आली की समासात प्रश्नचिन्ह टाकायचं आणि पुढे सरकायचं, ही हाताची सवय. बाबांच्या त्या एका वाक्याशेजारी तिने कधीचंच प्रश्नचिन्ह टाकून ठेवलं होतं. आता बाबा नव्हते, आणि प्रश्नचिन्ह होतं. ते ठेवायचं की खोडायचं, हे कळल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं.

बर्फाचा कारखाना पाडायला घेतल्याचं कानावर आलं, तशी ती थेट कंत्राटदाराकडे गेली. तो घाईचा माणूस होता पण वाईट नव्हता. मागची बुजवलेली खोली आधी उघडू, असं त्याने कबूल केलं. मात्र त्याच दुपारी भंगाराची गाडी येणार होती. तोवर ताईंनी काय ते बघून घ्यावं. मग ती तंत्रशाळेच्या मास्तरांकडे गेली. मास्तर जुन्या यंत्रांचे वेडे. ते म्हणाले, इंजिन खरंच न वापरलेलं असेल आणि हाताने फिरत असेल, तर शाळा ते डोक्यावर घेऊन जाईल. जाम झालेली इंजिनं मात्र त्यांच्या अंगणात आधीच गवत खात पडली होती. शेवटी तिने काकाला फोन केला. काकाने आधी कुठली खोली ते नीट विचारून घेतलं. मग म्हणाला, "येतो. नवरीचं तोंड तरी बघू."

सकाळी ती, काका, मास्तर आणि कंत्राटदार अशी चौघं त्या भिंतीपुढे उभी राहिली. कंत्राटदाराच्या गड्याने घण घातला. विटा कच्च्या होत्या, पटापट निखळल्या. भगदाडातून कोंदट, थंड वास आला. काकाने बॅटरी आत रोखली आणि हात तसाच राहिला.

ताडपत्रीखाली काहीतरी उंच होतं.

ताडपत्री ओढल्यावर धूळ बसेपर्यंत कुणी पुढे गेलं नाही. मग दिसलं ते गर्द हिरवं, अंगभर तेलाचा जाड हात दिलेलं इंजिन. रंगाचा पोपडा कुठे निघालेला नव्हता. मास्तरांनी रुमालाने पितळी पट्टी पुसली, वाचली, पुन्हा वाचली, आणि चष्मा काढून पुसायला लागले. म्हणाले, हे मॉडेल त्यांनी फक्त चित्रात पाहिलं होतं.

म्हणजे इंजिन होतं. निम्मी गोष्ट खरी ठरली होती. पण निम्मीच. असणं वेगळं आणि कोरं असणं वेगळं.

काकाने बाह्या सारल्या, चाकाच्या भोकात पहार घातली आणि रेटा दिला. चाक हललं नाही. त्याने पाय रोवून पुन्हा रेटा दिला. मग गडी आला, मग कंत्राटदारानेही खांदा लावला. चाक तसूभरही सरकेना. एक पहार वाकायला आली तेव्हा काका बाजूला झाला आणि हात पुसत राहिला, पुसून झाले तरी.

"जाम आहे," तो हळूच म्हणाला. "गेली रे दादा, नवरी कधीचीच गेली." या वेळी त्यात मस्करी नव्हती.

मास्तरांनीही वाकून पाहिलं आणि मान हलवली. कंत्राटदार म्हणाला, परांचीचा लांब पाइप पहारेवर चढवून शेवटचं बघू. तुटलं तर तुटलं, नाहीतरी भंगारातच जायचंय. गडी पाइप आणायला पळाला.

ती चाकाकडे बघत होती. गंजाने जाम झालेल्या गोष्टी तिने पाहिल्या होत्या, फिटरच्या घरात वाढली होती. त्या कुरकुरतात, भुसा गाळतात, रडतात. हे इंजिन रडत नव्हतं. गंजाचा ठिपकाही नव्हता. ते नुसतं नाही म्हणत होतं, भिंत म्हणते तसं.

आणि असलं 'नाही' तिने एकदा ऐकलं होतं. घरातल्या सायकलच्या पंपाकडून. तेव्हा ती शाळेत होती, सायकल पडून होती, आणि बाबांनी पंप फडताळात ठेवून दिलेला. तिला एक दिवस हवा भरायची लहर आली. दांडा खाली जाईना. ती चक्क त्याच्यावर उभी राहिली, आणि दांडा धनुष्यासारखा वाकला. बाबा रागावले नाहीत. त्यांनी पंपाच्या तोंडाचं बूच काढलं, तर आतून तेल आलं, काठोकाठ. बाबा वस्तू ठेवून देत नसत, झोपवत. हवा आत राहिली की ओल राहते, ओल राहिली की लोखंड मरतं. म्हणून हवेला जागाच ठेवायची नाही. आईच्या शिलाईयंत्रालाही त्यांनी एकदा असंच झोपवलं होतं, आणि पुढे कितीतरी दिवस आई प्रत्येक ब्लाउजवर तेलाचा डाग दाखवून त्यांना टोमणे मारत होती.

गडी पाइप घेऊन आला.

"थांबा," ती म्हणाली. "जोर लावू नका. ते बिघडलेलं नाही, भरलेलं आहे."

काकाच्या मते हे शक्य नव्हतं. इंजिन बंद करून ठेवताना सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडायचं, ही साऱ्या फिटरांची रीत. भरून कोण ठेवतं?

"काका, बाबा चमचाभर घालतील असं वाटतं तुला?"

काकाच्या तोंडावर हळूहळू काहीतरी उमटत गेलं. चहात साखरेचा दाणा मोजून घालणारा त्याचा दादा तेलाच्या बाबतीत मात्र राजा होता, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मास्तर तर एव्हाना गुडघ्यावर बसले होते. "दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवून थांबवलंय," ते म्हणाले. "बरोबर आहे यांचं. आत जर भरलेलं असेल, तर पिस्टन वर जाणारच नाही. पाइप लावला असता तर आपण आतला दांडा वाकवला असता."

कंत्राटदाराने गड्याच्या हातातून पाइप काढून घेतला आणि स्वतःच भिंतीला टेकवून ठेवला.

माथ्यावरचं डिझेल फवारायचं नोझल काकाने सोडवलं. बोल्ट पहिल्याच झटक्याला सुटले. भोकातून काही आलं नाही. मग काकाने पहार घातली आणि एकट्याने, अगदी हलक्या हाताने, चाक दाबलं. चाक फिरलं. आणि भोकातून मधाच्या रंगाचा, मलमासारखा दाट गोळा वर आला, वळसे घेत बाजूला कलंडला, आणि येतच राहिला. बाबांनी जाड तेलात मेण आणि ग्रीस वितळवून ओतलं होतं, गळून जाऊ नये म्हणून.

"बादली आणा," काका म्हणाला. मग म्हणाला, "बादलीने काय होतंय, पिंप आणा. काय माणूस होता."

माथा उतरवायला वेळ लागला. साखळीने तो वर उचलला, काकाने चिंध्यांनी उरलेलं मलम काढलं, सिलिंडर पुसला, आणि बॅटरी आत धरली. बराच वेळ तो वाकून राहिला. भंगाराची गाडी येऊन दाराशी थांबली होती. कंत्राटदाराने हाताने खूण करून तिला थोपवलं.

"इकडे ये," काका म्हणाला.

आतली भिंत आरशासारखी असेल असं तिला वाटलं होतं. तशी ती नव्हती. तिच्यावर बारीक, तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी होती. काकाने समजावलं, नव्या सिलिंडरवर कारखान्यातूनच अशी जाळी येते, तेल धरून ठेवायला. इंजिन जसजसं चालतं तसतसा पिस्टन ती घासून घासून पुसतो. जुन्या इंजिनात या रेषा औषधाला सापडत नाहीत.

इथे एकूण एक रेषा जागेवर होती. ती वाचायलाच शिकलेली होती, आणि तिने त्या वरपासून खालपर्यंत वाचल्या. त्यात चूक नव्हती.

मास्तर कंत्राटदाराला बाजूला घेऊन शाळेची गाडी कधी आणायची ते विचारत होते. गाडी येईपर्यंत या खोलीला कुणी हात लावणार नाही, असं कंत्राटदार गड्याला बजावत होता. भंगाराची गाडी मागे घेताना ड्रायव्हर कुरकुरला, तेव्हा कंत्राटदारानेच त्याला सांगितलं, "भंगार नाही ते. एकच दुपार चाललंय."

काका बाहेर विटांच्या ढिगावर जाऊन बसला होता. तेलकट बोटांनी फोन दाबून वर्कशॉपातल्या ज्या जुन्या माणसांचे नंबर लागत होते त्यांना तो एकेक करून सांगत होता. दादा खरं बोलत होता, एवढंच. कुणी हळहळलं, कुणी जुनं काही काढून बसलं. शेवटचा फोन लेथवर काम करणाऱ्या जुन्या टर्नरला लागला. पंगतीत सर्वांत मोठ्याने हसणारा तोच. आता ऐंशीच्या घरातला, पण जिभेची धार तशीच. त्याचा विश्वासच बसेना. फोनमधून त्याचा आवाज बाहेर ऐकू येत होता: "अरे, नवरी नवरी तूच करायचास. मेलेल्या भावाची तरी मस्करी करू नकोस."

आयुष्यभर जी थट्टा केली ती आता काकाच्याच अंगाशी आली होती. त्याने फोन तिच्यापुढे धरला. "तू सांग. माझं कोण ऐकतंय."

तिने फोन घेतला. तिचेही हात तेलाचे होते.

"टर्नरकाका, मी त्यांची मुलगी बोलतेय," ती म्हणाली. "इंजिन कोरं आहे. आतल्या रेषा मी स्वतः पाहिल्या. एकच दुपार चाललंय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"कशात ठेवलं होतं?" टर्नरने विचारलं.

"तेल, मेण आणि ग्रीस. काठोकाठ."

"मग त्याचंच," म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज जरा बसला होता. "दुसरं कोण एवढं ओतणार. मी निघतो आत्ता. नातवाला गाडी काढायला सांगतो. मी येईपर्यंत झाकू नका त्याला."

"नाही झाकत," ती म्हणाली.