देवरामकाकांचा फॉन्ट
“काका, मराठीच्या पानावर नुसता चिवडा झालाय अक्षरांचा!” मोहिनी पलीकडच्या टेबलावरून ओरडली.

देवराम खुर्चीतून हलले नाहीत. “माझ्याकडं तर झकास दिसतंय. ये, बघून जा.”

द्राक्ष बागायतदारांच्या एका संघाच्या वेबसाइटचं काम होतं, तीन भाषांतलं. इंग्रजी आणि हिंदी पानं निमूट उघडत होती, मराठीनेच दगा दिला होता. संघाची मंडळी दुसऱ्या दिवशी बघायला येणार होती आणि मराठीच्या सगळ्या फायली देवरामांनी टाइप केलेल्या. पंचवटीतल्या छपाईच्या दुकानात लग्नपत्रिका आणि निवडणुकीची पत्रकं जुळवण्यात त्यांची हयात गेली होती. दुकान बंद पडल्यावर मोहिनीने त्यांना आपल्या कॉलेज रोडच्या ऑफिसात घेतलं. त्यांच्या कामाला कोणी कधी नावं ठेवली नव्हती, त्यामुळे ते जरा घुश्शातच होते.

मोहिनीने त्यांची फाइल दोघांच्याही कॉम्प्युटरवर उघडून पाहिली आणि कपाळावर हात मारला. “काका, तुम्ही छपाईचा जुना फॉन्ट वापरलाय. त्यात आत इंग्रजी अक्षरंच साठतात, वरून फक्त मराठी कपडे चढवलेले. तुमच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट आहे म्हणून तुम्हाला मराठी दिसतं. बाकी कुणालाच नाही दिसणार.”

“कुणालाच?”

“ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही, त्याला नाही. पण घाबरू नका, रूपांतर करता येईल.”

देवरामांनी विचारलं, “ईमेलचंही तसंच होतं का गं?”

“त्याच फॉन्टमध्ये लिहिलं असेल तर तसंच. का हो?”

“काही नाही. असंच.”

असंच कसलं! उज्वला त्यांची एकुलती एक लेक, टोरांटोला. देवरामांची बायको सिंधू गेली, तेव्हा उज्वलाला वेळेत पोचता आलं नाही. ती आली, दिवसकार्य उरकून परत गेली. फोनवर बायकोचं नाव निघालं की देवरामांचा गळा दाटायचा, म्हणून ते ऑफिसात बसून लेकीला ईमेल लिहायचे. घर कसं रिकामं वाटतं, वरणाला आईच्या हातची चव कशी येत नाही, सगळं. वर्षश्राद्धाच्या आधी त्यांनी लिहिलं होतं, ‘मी अगदी एकटा पडलोय. तू ये.’ उत्तर आलं, ‘बाबा, टेक केअर.’ रामकुंडावर त्यांनी एकट्याने सगळं केलं. पोटच्या पोरीला किती विनवायचं, म्हणून पुन्हा विषय काढला नाही. तेव्हापासून फोनवर हवापाणी आणि ब्लडप्रेशर, बस.

त्या संध्याकाळी घरी येऊन त्यांनी फोन लावला. तिकडे सकाळ होती.

“उज्वला, माझे ईमेल येतात, त्यात काय दिसतं गं तुला?”

ती हळूच म्हणाली, “एबीसीडी, बाबा. कंस, टिंबं, काहीबाही.”

“मग बोलली नाहीस कधी?”

“तुम्ही एवढं लांबलचक लिहायचात! वाचता येत नाही म्हटलं असतं, तर तुम्ही लिहायचं सोडलं असतं. ईमेल आला की मला कळायचं, बाबा बरे आहेत.”

ती पुढे म्हणाली, “आईच्या वर्षश्राद्धाला तुम्ही बोलवाल म्हणून मी वाट बघत होते. तुम्ही एक शब्द काढला नाहीत. मी वेळेत पोचले नव्हते ना, मला वाटलं, राग गेला नाही तुमचा.”

इतक्या वर्षांत कधी नव्हे ती त्यांना स्वतःची चीड आली. “ठेवतो गं,” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

सकाळी मोहिनीने सगळ्या फायलींचं रूपांतर केलं. संघाची मंडळी येऊन, पानं पाहून, खूश होऊन गेली. नव्या पद्धतीने टाइप करायचं तर बोटांची जुनी सवय मोडायला हवी होती. देवराम दुपारभर शाळकरी पोरासारखे एकेक अक्षर शोधत बसले. अखेर त्यांनी मोहिनीला हाक मारली.

“तुझ्याकडं एक ईमेल पाठवलाय. बघ बरं, नीट दिसतोय का. मग पुढं पाठवतो.”

मोहिनीने तो उघडला. एकच ओळ होती. ‘उज्वला, मी तुला बोलावलं होतं.’

“दिसतंय, काका,” ती म्हणाली.

“सगळं?”

“सगळं.”

“तरी एकदा वाचून दाखव,” देवराम म्हणाले.