ठशातले डोळे

हरिश्चंद्र मेस्त्रीने देवीचा ठसा कोरला तेव्हा तीन दिवस नुसत्या पेजेवर काढले. शिवणीची मुरलेली फळी, हातभर लांब, वीतभर रुंद. मुकुट, नथ, हातातलं कमळ, पायाशी लाटा, सगळं कोरून झालं आणि डोळे शेवटी ठेवले. डोळ्यांच्या वेळी त्याने घरातल्यांना बाहेर काढलं, पुन्हा आंघोळ केली, आणि काम संपल्यावर बायकोला म्हणाला, "देवीच्या डोळ्यांक हत्यार एकदाच लागता गो. परत लावचा नाय."

बायको म्हणजे यशोदा. नवऱ्याच्या शंभरातल्या नव्याण्णव गोष्टी ती या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देई. ही एक मात्र तिने पदराला गाठ मारून ठेवली, आणि पुढचा सगळा घोळ त्या गाठीतून निघाला.

मेस्त्रीचं घर देवबागच्या वाटेवर. दरवर्षी कार्तिकात जत्रेच्या आधी तिथे देवीची तीनशे चित्रं निघत. काजळ अळशीच्या तेलात घोटायचं, ती शाई चिंध्यांच्या बोळ्याने ठशावर लावायची, वर कागद टाकून करवंटीच्या गुळगुळीत पाठीने घासायचा. जत्रेहून परतताना प्रत्येक घर एक चित्र घेऊन जाई आणि दारावर चिकटवी. देवबागचे होडीवाले होडीत लावत.

छापायचं काम मेस्त्रीचं, ठसा साफ करायचं यशोदेचं. छापणाऱ्याला लोक मेस्त्री म्हणतात, साफ करणाऱ्याला काही म्हणत नाहीत. रॉकेलचं फडकं फिरवायचं, मग माडाचा हीर, म्हणजे केरसुणीची काडी, टोकाला तासून एकेक रेघ मोकळी करायची. अळशीच्या तेलातली शाई एकदा वाळली की दगड. यशोदा नथीतला मोती न् मोती स्वच्छ करी, कमळाच्या पाकळ्या करी, लाटा करी. डोळ्यांशी आली की हात मागे घेई. केरसुणीची काडी आणि देवीच्या डोळ्यांत? ती तिथे नुसतं फडकं टेकवी आणि हात जोडी.

अशी अकरा वर्षं गेली. ठशात डोळ्यांचं पांढरं म्हणजे कोरलेला खळगा. दर साली त्यात शाईचा एक पापुद्रा बसत गेला आणि कागदावरचा डोळा तेवढा बारीक होत गेला. रोजच्या बघण्यातलं माणूस कधी म्हातारं झालं ते घरच्यांना कळत नाही, तसं हेही कोणाला कळलं नाही. मेस्त्रीला मोतीबिंदू झाला होता, तो हाताच्या सवयीने छापी. पोर्तुगीज गोव्यातून गेले त्या सालच्या जत्रेत देवीच्या डोळ्यांच्या जागी दोन काळ्या पट्ट्या उमटल्या, आणि लोकांनी त्या भक्तिभावाने घरी नेल्या.

पुढच्या ज्येष्ठात देवबागच्या महादूची होडी खाडीच्या तोंडाशी फुटली. माणसं वाचली, जाळी गेली. वाचलेल्या माणसाला कारण लागतं. महादूने फुटक्या होडीतलं चित्र सोलून आणलं आणि परशुराम गावकाराच्या घरातल्या पहिल्या सालच्या चित्राशेजारी धरलं.

गावकार म्हणजे देवळाचा मानकरी, त्याच्या शब्दाबाहेर गाव नाही. जत्रेला दहा दिवस उरले तेव्हा तो महादूला घेऊन मेस्त्रीच्या ओट्यावर आला.

"बघा," महादू म्हणाला. "देवीन डोळे मिटल्यान. मग आमच्यार नजर कोण ठेवतलो?"

परशुरामाने आवाज चढवला नाही. तो कधीच चढवत नसे. "मेस्त्री, गेल्या साली ठशाक नवो हात लागलो. खरा मा?"

नवा हात सीतेचा. यशोदेची सून, त्या वर्षीच्या वैशाखात लग्न होऊन नांदगावहून आलेली. सासऱ्याला दिसेना म्हणून बोळा तिने धरला होता. आता ती पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. विटाळशी असताना शिवली असेल, हे कोणी बोललं नाही आणि सगळ्यांना ऐकू आलं.

"जत्रेपर्यंत तिका म्हायेराक ऱ्हवांदे," परशुराम म्हणाला. "त्या दिवशी कौल लावया. देवी सांगतली तसा."

यशोदेने ते चित्र पाहिलं त्याच क्षणी तिला सगळं कळलं होतं. एवढंच म्हणायचं होतं की सुनेचा काही दोष नाही, माझा आहे. पण ती भ्याली. गावाला, नवऱ्याला की देवीला, तिचं तिलाही सांगता आलं नसतं. मुलगा गणपत मुंबईला गिरणीत, त्याला पत्र जाऊन उत्तर येईतो जत्रा उलटून गेली असती. सीता दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गेली. जाताना तिने सासूच्या पाया पडून मान वर केली आणि वाट बघितली. यशोदेने तिच्या हातात खाऊची पुडी दिली.

मग यशोदेने शहाणपणा केला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणत तिने दुपारी, मेस्त्री झोपल्यावर, ठसा मांडीवर घेतला. देवीची क्षमा मागितली, खळग्यांत रॉकेल मुरवलं आणि हीर घातला. काळी खपली एकदम सुटली. दुसऱ्या डोळ्याला थोडा वेळ लागला. मग तिने एक चित्र छापलं आणि देवीने तिच्याकडे पहिल्या सालासारखं टक्क पाहिलं. यशोदेला रडू आलं. आठ दिवसांत सून घरात, असं तिने धरलं आणि ते चित्र स्वतः परशुरामाकडे नेऊन दिलं.

परशुरामाने ते उजेडात धरलं, कपाळाला लावलं आणि ओट्यावर बसलेल्या महादूला दाखवलं.

"बघलास, महादू? चेडू म्हायेराक गेला आणि देवीन डोळे उघडल्यान. आता कौल तरी कित्याक लावचो?"

कौल नाही म्हणजे सीता परत नाही. चित्र घरोघर फिरलं. करायला गेली एक, झालं भलतंच, आणि ते यशोदेने आपल्या हाताने केलं होतं.

दुसऱ्या सकाळी देवळाच्या सभामंडपात जत्रेच्या बोलण्यासाठी मानकरी बसले होते. यशोदा ठसा कडेवर घेऊन आत गेली. सोबत शाईची वाटी, बोळा, कागद, करवंटी, हीर, रॉकेलचं फडकं. मागून मेस्त्री भिंत चाचपत आला. कुठे चाललीस, हे त्याला तिने सांगितलं नव्हतं.

"गावकारांनू, चूक माझी," ती म्हणाली. "अकरा वर्सां मी देवीचे डोळे साफच करूक नाय. शाई भरली ती माझ्यामुळे."

"वयनी," परशुराम सौम्यपणे म्हणाला, "सुनेची माया आसा, ता समाजता. पण देवीच्या दारात खोटा बोलू नकात."

"सीता आज खंय आसा?"

"नांदगावाक."

"बरा." यशोदा खाली बसली. बोटाने शाई घेऊन तिने देवीचे दोन्ही डोळे लिंपले. कोणीतरी "अगो, अगो" म्हणालं. तिने बोळा फिरवला, कागद घातला, करवंटी घासली आणि कागद सोलून परशुरामापुढे ठेवला. डोळे मिटलेले. मग सगळ्यांदेखत तिने केरसुणीची काडी देवीच्या डोळ्यांत फिरवली, फडक्याने शाई टिपली, आणि दुसरा कागद छापला. डोळे उघडे.

"मिटलंय मी. उघडलंय पण मी. सीता नांदगावातसून काय करतली?"

परशुरामाने दोन्ही कागद उलटे करून पाहिले, जणू मागे काही लिहिलेलं असेल.

"सुनेक आणा," तो म्हणाला, आणि उठून गेला.

त्या जत्रेत तीनशेंतली चाळीस चित्रं खपली. लोक रागावले नव्हते. पण ज्यांनी ती काडी पाहिली त्यांचे हात त्या चित्रापुढे जुळेनात, आणि ज्यांनी पाहिली नव्हती त्यांना पाहिलेल्यांनी सांगितलं. मेस्त्री उरलेल्या गठ्ठ्यावर हात ठेवून बसला होता.

"हीर काय हत्यार आसता गो?" तो म्हणाला. "मी पटाशीचा सांगलंय. एकदा विचारूचा होता माका."

एवढ्या वर्षांत यशोदेला विचारायचं सुचलंच नव्हतं, हेच खरं होतं.

सीता परत आली होती. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी ती न सांगता ठसा घेऊन ओट्यावर बसली. मुकुट केला, नथ केली, लाटा केल्या.

"आये, गावकार इल्ले त्या दिवशी तुमका म्हायत होता?"

नाही म्हणणं सोपं होतं. "होता," यशोदा म्हणाली.

सीतेने मान हलवली. कमळाच्या राहिलेल्या दोन पाकळ्या तिने नीट मोकळ्या केल्या, मग हीर सासूच्या हातात दिला.

"डोळे तुमी करा," ती म्हणाली, आणि चूल पेटवायला आत गेली.