सिंधूताईंच्या अंगणातली हवा

भोरखेडीच्या पोटात कोळसा आहे, हे गावाच्या आधी नागपूरच्या कचेऱ्यांना कळलं होतं. खाण भूमिगत असणार, वरून काही दिसणारसुद्धा नाही, असं कंपनीचे लोक गोड गोड सांगत. जणू कोळसा उंदरासारखा बिळाबिळातूनच गिऱ्हाइकाकडे जाणार होता! ट्रक जाणार होते ते सिंधूताईंच्या दारावरून. शेजारच्या जुन्या खाणीचे आताच जात होते, आणि दोरीवर वाळत घातलेलं धोतर दुपारपर्यंत काळं व्हायचं.

सिंधूताईंचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता, तो म्हणजे देवाजींच्या श्वासात. नागपूरलगतच्या वाडी गावातल्या गोदामात तीस वर्षं सिमेंटची पोती वाहून नवऱ्याच्या छातीचा भाता झाला होता. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, आणखी धूळ यांना सोसणार नाही. म्हणून तर दोघं वाडीची भाड्याची खोली सोडून गावी आले होते. आता इथून पुढे जायला जागाच नव्हती.

अशात सरपंच गिरिधरभाऊ एक दिवस घरी आले. "काकू, हवा मोजाची मशीन येऊन राहिली. इथली हवा आधीच खराब निघाली, तर नव्या खाणीले परवानगी भेटणं कठीण हाय. तुमचं घर सडकेवर, तुमच्याच अंगणात ठेवू."

मशीन आली. उभ्या पत्र्याच्या पेटीसारखी, वर टोपण, आणि सुरू झाली की पिठाच्या गिरणीसारखी घुमायची. पियुष नावाचा तिचा माणूस आठवड्यातून दोनदा यायचा, ती चालू करून जायचा आणि दुसऱ्या दिवशी आतला कागद काढून न्यायचा.

"मावशी, हिले कोणी हात नका लावू देऊ. नाजूक हाय."

"नाही लावू देत, भाऊ. पण हे करते काय?"

"हवा मोजते."

हवा म्हटलं की सिंधूताईंच्या मनात यायचा तो जुन्या खाणीकडून येणारा धूर आणि जळका वास. धूळ त्यांच्या लेखी वेगळी. ती घरकामातली, झाडायची, पुसायची, पाण्यानं बसवायची. आणि एवढ्या नाजूक मशीनमध्ये धूळ जाऊन ती बंदच पडली तर? शिवाय नवऱ्याच्या जिवाचा निवाडा करायला आलेली पाहुणी कोरड्या अंगणात उभी ठेवायची, हे त्यांच्या मनाला पटेना.

मग काय, मशीनच्या दिवशी पहाटे अंगणात सडा पडू लागला. ट्रकांनी धुरळा उडवला की बाई पुन्हा हापशीवर. अंगण झालं की समोरची सडक भिजवायची, वीस-वीस बादल्या. तीन महिने कंबरेचा काटा ढिला होईपर्यंत त्या पाणी ओतत होत्या.

"काहून मरून राहिली वं?" देवाजी खाटेवरून धापा टाकत विचारायचे.

"मशीन बिघडाले नको जी."

पियुष ओली जमीन बघायचा. "मावशी, तुमचं आंगण लय साफ असते," म्हणायचा आणि गाडीला किक मारायचा. त्याला पुढचं बोलायचा पगार नसावा.

मग शाळेच्या मैदानात मांडव घालून जनसुनावणी झाली. कंपनीच्या साहेबांनी अहवाल वाचला. "केंद्र क्रमांक तीन, श्रीमती सिंधूताई यांचे अंगण. हवेतील धुळीचे प्रमाण मर्यादेच्या बरेच आत."

धुळीचे! म्हणजे मशीन मोजत होती ती धूळच, सिंधूताईंनी पाण्यानं बसवलेली. गिरिधरभाऊ वळून त्यांच्याकडे बघत राहिले. जन्मात माइक न धरलेली बाई उठली आणि तडक पुढे गेली.

"साहेब, मशीन चालू असली का मी पाणी टाकत होती. मले वाटलं, मशीन बिघडन. ते हवा खोटी हाय. माह्या मालकाले श्वास घेता येत नाही. पुन्हा मोजा, पाया पडते."

साहेब मात्र हसले. "ताईंचे आभार मानायला हवेत. आमच्या अहवालात हाच उपाय आहे, रस्त्यावर पाणी मारणे. ताईंनी बादलीनं करून दाखवलं, आम्ही टँकरनं करू."

पुढच्या खुर्च्यांनी टाळ्या वाजवल्या. कारकुनानं भराभर लिहिलं, 'पाणी शिंपडल्याने धूळ आटोक्यात येते, असे स्थानिक महिलेने स्वानुभवावरून सांगितले.' कागद सहीसाठी पुढे आला.

"अन् पुन्हा मोजाचं?"

"ते पुढच्या पानावर येईल, मावशी," कारकून म्हणाला.

त्यांनी सही केली. पुढचं पान कधीच निघालं नाही.

घरी देवाजी उशीला टेकून वाट बघत होते. "बोलली का वं?"

"बोलली."

"साहेबानं लिवून घेतलं?"

"घेतलं."

"मंग होते आता," देवाजी म्हणाले आणि कितीतरी दिवसांनी हसले. त्या हसण्यानंच त्यांना धाप लागली. सिंधूताई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. खरं सांगायची त्यांची त्या दिवशी हिंमत झाली नाही, आणि हिंमत झाली तेव्हा ऐकायला देवाजी उरले नव्हते.