काठीवाली भुतं

मुलुंडच्या एका कॉलेजात जुन्या कॉम्प्युटरांचं प्रदर्शन होतं. भाची दिशा मला ओढूनच घेऊन गेली. एका टेबलाभोवती पोरं खिदळत होती. पडद्यावर तोंड उघडझाप करणारा गोळा ठिपके खात पळत होता आणि मागे लागलेल्या चारही भुतांच्या हातात काठी, खांद्यावर घोंगडी. ती भुतं माझी होती.

शहाऐंशी साली मामाने दुबईहून टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर आणला. घाटकोपरच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये तेव्हा हा खेळ गाजत होता, पण मुलींना तिथे कोण पाठवतंय! दादा, म्हणजे चंद्रप्रकाश, खेळून यायचा आणि वर्णन करायचा. मी चौकटीच्या वहीत चित्रं काढायचे, भरलेल्या चौकटींचे आकडे करून टाइप करायचे. तो 'भूत' म्हणाला, आणि मला तर काठी-घोंगडी घेऊन गावाची राखण करणारा आमच्या मालवणचा देवचारच ठाऊक! दोन महिने खपून गेम झाला. तो आम्ही साध्या गाण्यांच्या कॅसेटवर साठवला.

आठवड्याने दादा माझ्यावर ओरडला, "वाट लावलीस, सुगंधा! बाबांसाठी दशावतार टेप केलास ना, तो याच कॅसेटवर. सगळं पुसलं!"

मी दोन दिवस जेवले नाही. बाबा दोघांपैकी एकालाच कॉम्प्युटरच्या क्लासला घालणार होते. मीच त्यांना सांगितलं, दादाला घाला, मला अक्कल नाही. पुढे तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात दाखले लिहीत बसले.

टेबलावर पाटी होती : 'निर्मिती – चंद्रप्रकाश परब'. नाव खाल्लं, तेही एक वेळ गिळलं असतं. पण पुसलेली कॅसेट चालत कशी होती?

दादा तिथेच पोरांना माहिती देत होता. मी त्याला बाजूला घेतलं.

"मी पुसली होती ना रे ही?"

"इथे नको ना, यार."

"पुसली होती की नाही?"

"नव्हती." त्याने मान खाली घातली. "बाबा तुलाच घालणार होते क्लासला. मला म्हणाले होते, 'चेडवाक अक्कल आसा, तेकाच घालूया.'"

बाबांनी हे मला कधीच सांगितलं नाही. माझा संताप संताप झाला, आणि डोळे मात्र वाहायला लागले.

दिशा धावत आली. "आत्या, रडतेस का?"

"जुने दिवस आठवले गं तिला," दादा घाईने म्हणाला. पुन्हा खोटं, आणि तेही माझ्या तोंडावर!

"नाही गं," मी म्हटलं. "तुझ्या बापाने मला फसवलं."